इंग्लंडांतील घरचा डॉक्टर : एका नोंदीचा इतिहास



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. मीही शाळेंत वर्षानुवर्षें तोच इतिहास शिकवीत आलों. परंतु ज्यांचा आपल्या सुखदुःखाशीं रोजचा संबंध येतो, अशा कित्येक साध्या गोष्टींनाही इतिहास असतो, आणि तो लढायांच्या इतिहासाहून कमी चुरशीचा नसतो. आज अशाच एका गोष्टीविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत. ती गोष्ट म्हणजे इंग्लंडांतील गल्लींतल्या डॉक्टरच्या दवाखान्याचें दार.

तिकडे राहणाऱ्या कुटुंबाला हें दार कसें उघडतें, तें आधीं पाहूं. नव्या गांवीं बिऱ्हाड केलें कीं माणूस जवळच्या दवाखान्यांत आपलें नांव नोंदवितो. त्यानंतर तेथें प्रकृति दाखविण्यास फी पडत नाहीं. वेळ ठरवून जावयाचें, नेहमींच्या गोळ्या संपत आल्या कीं नवी चिठ्ठी मागावयाची, रक्त तपासून घ्यावयाचें, मुलांना लस टोचून आणावयाची, कामावर जातां येत नसेल तर दाखला घ्यावयाचा; आणि मोठ्या रुग्णालयांतील तज्ज्ञाकडे जावयाचें असेल तर बहुधा याच दवाखान्याचें पत्र न्यावयाचें. या जागेला तिकडे 'सर्जरी' असें म्हणतात. शब्दावरून शस्त्रक्रियेचा भास होतो, पण तेथें चाकूसुऱ्यांचें राज्य नसतें. जखमा बांधणारा सर्जन आणि औषधें कुटणारा अपॉथेकरी या दोन जुन्या धंद्यांच्या मिलाफांतून हा घरचा डॉक्टर जन्मास आला; धंदा पालटला, नांव मात्र राहिलें.

या साऱ्या सोयींच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे. ती म्हणजे 'हा माणूस अमक्या डॉक्टरचा' अशी नोंद. ही नोंद कशी सुरू झाली, कोणाकोणाला ती फार काळ मिळाली नाहीं, आणि आज तिचें काय होत आहे, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभीं लंडन शहरांत खरे वैद्य म्हणजे विद्यापीठाची पदवी घेतलेले फिजिशियन. त्यांची फी सामान्य माणसाला झेपण्यासारखी नव्हती. सामान्य माणूस जात असे तो अपॉथेकरीकडे, म्हणजे औषधें तयार करून विकणाऱ्याकडे. अशा विल्यम रोज नांवाच्या एका अपॉथेकरीनें एका खाटकाला तपासून औषध दिलें, म्हणून फिजिशियनांच्या संस्थेनें त्याच्यावर खटला भरला. तो खटला थेट उमरावांच्या सभेपर्यंत गेला, आणि १७०४ सालीं निकाल रोजच्या बाजूनें लागला. अपॉथेकरीनें रोग्याला सल्ला द्यावा, त्याला मज्जाव नाहीं. मात्र त्यानें पैसे घ्यावयाचे ते औषधाचे, सल्ल्याचे नव्हेत, असें त्या निकालाचें तात्पर्य होतें. परिणाम असा झाला कीं बुद्धीचें मोल बाटलीच्या किंमतींत मिसळलें. डॉक्टरकडे जाऊन औषधाची बाटली न घेतां परत येणें म्हणजे फसवणूक, ही समजूत तिकडे खोल रुजली. आपल्याकडेही कंपाउंडरनें कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून लाल औषधाची बाटली हातीं दिल्याखेरीज कित्येकांचें समाधान होत नसे. तेव्हां हंसण्याचें कारण नाहीं. पुढें १८१५ च्या कायद्यानें अपॉथेकरींच्या शिक्षणाला आणि परीक्षेला शिस्त आली, व १८५८ च्या कायद्यानें देशांतील साऱ्या अधिकृत डॉक्टरांची एक सरकारमान्य यादी तयार झाली. डॉक्टरांचीं नांवें याप्रमाणें नोंदलीं गेलीं. रोग्यांचीं नांवें नोंदलीं जाण्यास मात्र आणखी अर्धें शतक लागावयाचें होतें.

एकोणिसाव्या शतकांतील मजुराच्या घरीं आजारापेक्षांही डॉक्टरच्या बिलाची धास्ती अधिक असे. गरीब वस्त्यांतून डॉक्टरचा वसुलीदार आठवड्याच्या आठवड्याला दारोदार फिरून थोडथोडे पेन्स जमा करी. डॉक्टरला बोलवावें कीं नाहीं, हा प्रश्न रोगाचा जोर पाहून सुटत नसे. घरांतील शिल्लक पाहून सुटत असे. यावर मजुरांनीं स्वतःच एक तोड काढली. त्यांनीं परस्पर साहाय्याच्या मंडळ्या स्थापिल्या. प्रत्येकानें दर आठवड्यास ठराविक वर्गणी द्यावी, मंडळीनें एखादा डॉक्टर नेमावा, आणि सभासद आजारी पडला तर त्यानें बिल न लावतां औषधपाणी करावें, अशी ही रीत. वेल्समधील ट्रेडेगर या खाणी-पोलादाच्या गांवीं १८९० सालीं अशी जी कामगारांची वैद्यकीय मंडळी निघाली, ती पुढें बहुतेक साऱ्या गांवाचाच आधार बनली. त्याच गांवांत १८९७ सालीं एका खाणकामगाराच्या घरीं अन्यूरिन बेव्हन नांवाचा मुलगा जन्मला. हें नांव श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें.

१९११ सालीं अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनीं राष्ट्रीय विम्याचा कायदा मंजूर करून घेतला. जें काम मंडळ्या करीत होत्या, तें आतां सरकारनें सक्तीचें केलें. अंगमेहनतीनें पोट भरणारे सारे, आणि वर्षाला १६० पौंडांहून अधिक मिळकत नसलेले इतर नोकर यांस तो लागू झाला. पुरुष कामगारानें आठवड्याला ४ पेन्स द्यावे, मालकानें ३ द्यावे, सरकारनें २ घालावे, असा हिशेब होता. चार पेन्स देऊन नऊ पेन्सांचें काम होतें, या हिशेबावर लॉइड जॉर्ज यांनीं मोठा प्रचार केला. मोलकरणींच्या विम्याचीं तिकिटें मालकिणींनीं कार्डावर चिकटवावयाचीं होतीं. यावर मोठ्या घरच्या बायका इतक्या खवळल्या कीं त्यांनीं मोलकरणींना बरोबर घेऊन लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्यें निषेधसभा भरविली. तिकिटें अर्थात् चिकटवावीं लागलींच.

१९१३ च्या जानेवारींत या कायद्याखालीं वैद्यकीय मदत सुरू झाली. प्रत्येक जिल्ह्यांत सरकारी योजनेंत आलेल्या डॉक्टरांची यादी लागली. तिला 'पॅनेल' म्हणत. कामगारानें त्यांतील आपल्या पसंतीचा डॉक्टर निवडावयाचा, डॉक्टरनें त्याचें नांव आपल्या नोंदींत घ्यावयाचें, आणि सरकारनें डॉक्टरला डोईमागें वर्षाची ठराविक रक्कम द्यावयाची. रोगी किती वेळां आला यावर डॉक्टरची प्राप्ति अवलंबून राहिली नाहीं. रोग्याच्या दृष्टीनें पाहिलें तर ही मोठी क्रांति होती. दाराशीं उभें राहिल्यावर खिसा चांचपण्याची गरज उरली नाहीं. शिवाय आजारपणांत पुरुषाला आठवड्याला १० शिलिंग मिळूं लागले. पण त्यासाठीं 'हा कामास असमर्थ आहे' असा डॉक्टरचा दाखला लागे. आज ज्याला आपण सिक नोट म्हणतों, त्या कागदाला सार्वत्रिक महत्त्व येथून आलें.

या योजनेनें आणखी एक लहानशी वस्तु मागें ठेवली. तळहाताहून थोडें मोठें, पिवळट तपकिरी जाड कागदाचें एक पाकीट. त्यांत त्या रोग्याचीं टिपणें ठेवावयाचीं. माणूस गांव बदलून गेला कीं पाकीट त्याच्या मागोमाग नव्या डॉक्टरकडे जाई. लोकांनीं त्याला 'लॉइड जॉर्ज पाकीट' हेंच नांव दिलें, आणि एकविसाव्या शतकांतही इंग्लंडच्या दवाखान्यांतून तीं पाकिटें कपाटेंच्या कपाटें भरून राहिलीं होतीं. मंत्रिमंडळें आलीं आणि गेलीं, दोन महायुद्धें झालीं; पाकीट टिकलें.

परंतु या नोंदींत एक मोठी उणीव होती. नांव नोंदलें जाई तें कमावत्याचें. त्याच्या बायकोचें नाहीं, मुलांचें नाहीं. बाळंतपणास ३० शिलिंगांची मदत मिळे, तेवढीच. म्हणजे नवऱ्याच्या खोकल्याला डॉक्टर होता. पण बाईच्या दुखण्याला घरांतील डब्यांत कांहीं पेन्स शिल्लक असतील तरच. आणि आई आपल्या डब्यांतील पैसा स्वतःवर खर्च करील, अशी कोणत्या देशांतील आई असते? आधीं मुलाचें औषध, मग भाडें, मग किराणा. स्वतःचें दुखणें उद्यांवर. असे उद्यां पंचवीस-तीस वर्षें पुढें ढकलले गेले.

या सुमारास एका हिंदी डॉक्टरचें नांव लंडनच्या नगरकारभारांत पुढें आलें, तें येथें सांगितलें पाहिजे. डॉक्टर चुनीलाल कत्याल हे पंजाबचे. लंडनच्या गरीब वस्तींत ते दवाखाना चालवीत. १९३१ सालीं महात्मा गांधी आणि चार्ली चॅप्लिन यांची भेट झाली ती कॅनिंग टाऊनमध्यें, याच डॉक्टरांच्या घरीं. पुढें ते फिन्सबरी भागाच्या आरोग्यसमितीचे अध्यक्ष झाले, आणि १९३८ सालीं तेथें एक नमुनेदार आरोग्यकेंद्र उघडलें गेलें. क्षयाची तपासणी, दांत, पाय, स्त्रियांची तपासणी अशीं जीं कामें पूर्वीं गांवभर विखुरलेलीं होतीं, तीं एका छपराखालीं आलीं. मोठमोठ्या खिडक्यांतून भरपूर प्रकाश यावा, गरिबालाही आपण धर्मादायांत आलों असें वाटूं नये, अशी त्या इमारतीची आखणी होती. राष्ट्रव्यापी योजना येण्याच्या दहा वर्षें आधींची ही गोष्ट.

मग दुसरें महायुद्ध आलें. बाँबच्या वर्षावाखालीं श्रीमंत-गरीब एकाच तळघरांत बसले, आणि युद्धानंतरचें जग कसें असावें याचा विचार युद्ध चालू असतांनाच सुरू झाला. १९४२ च्या डिसेंबरांत बेव्हरिज यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९४६ सालीं राष्ट्रीय आरोग्यसेवेचा कायदा झाला. तो घडविणारे आरोग्यमंत्री म्हणजे ट्रेडेगरच्या खाणकामगाराचा तो मुलगा, अन्यूरिन बेव्हन. आपल्या गांवच्या मंडळीनें जें केलें तेंच साऱ्या देशासाठीं करावयाचें, असा त्यांचा संकल्प होता.

डॉक्टरांचा विरोध मात्र कडवा होता. आपण सरकारी चाकर होऊं, ही त्यांची भीति. १९४८ च्या फेब्रुवारींत त्यांच्या संघटनेनें मतें घेतलीं, तेव्हां दर दहांपैकीं सुमारें नऊ डॉक्टरांनीं विरोधांत मत दिलें. बेव्हन यांनीं कांहीं बाबतींत माघार घेतली. डॉक्टर पगारी नोकर होणार नाहींत, पूर्वींप्रमाणें डोईमागें रक्कम घेऊन स्वतंत्रपणें दवाखाना चालवितील, असें आश्वासन दिलें. मात्र दवाखान्याची, म्हणजे पर्यायानें रोग्यांच्या नांवांची, जी खरेदीविक्री पूर्वीं चालत असे, ती बंद केली. आणि त्याची भरपाई म्हणून डॉक्टरांसाठीं ६ कोटी ६० लाख पौंड बाजूला काढले. रोग्याचें नांव ही विकण्याची वस्तु राहिली नाहीं, हें या सौद्याचें मर्म होय.

५ जुलै १९४८ रोजीं सेवा सुरू झाली. आतां घरांतील प्रत्येकाचें नांव नोंदतां येऊं लागलें. त्या पहिल्या आठवड्यांत दवाखान्यांच्या बाकांवर कोण येऊन बसलें? त्या काळच्या डॉक्टरांच्या आठवणी याविषयीं एकमुखानें बोलतात. आल्या त्या बायका. वर्षानुवर्षें अंग बाहेर पडत असलेल्या, कसल्यातरी पट्ट्यानें तें आवरून धरून घरकाम आणि शिवणकाम करीत राहिलेल्या; अंगांतील रक्त आटलेल्या; छातींतील गांठ कोणालाही न दाखविलेल्या. हीं दुखणीं जुलै महिन्यांत उद्भवलीं नव्हतीं. तीं घराघरांत होतींच. त्यांची कोठें नोंद नव्हती, इतकेंच. सरकारी आंकड्यांत नसलेलें दुःख हें नसलेलें दुःख नव्हे, हा धडा त्या बाकांवर लिहिला गेला.

याच वर्षांत आपल्याकडेही तोच विचार चालला होता. १९४३ सालीं हिंदुस्थान सरकारनें आरोग्याची पाहणी करण्यासाठीं जी समिति नेमली, तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. हे १८७८ सालीं आपल्या नाशकांत जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेले. पैसा नाहीं म्हणून कोणीही औषधोपचारावांचून राहूं नये, हें तत्त्व त्यांच्या समितीनें १९४६ च्या अहवालांत निःसंदिग्ध शब्दांत मांडलें. इंग्लंडचा कायदा आणि भोर समितीचा अहवाल एकाच सालचे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

इंग्लंडांत फी गेली. पण दवाखाने तेच होते. १९५० सालीं कॉलिंग्ज नांवाच्या एका ऑस्ट्रेलियन डॉक्टरानें ५५ दवाखाने पाहून जें वर्णन प्रसिद्ध केलें, तें वाचून तिकडील वैद्यकवर्ग हादरला. काळोख्या खोल्या, खचाखच भरलेलीं बाकें, आणि रोग्याला आडवें करून तपासण्याची सोयही पुष्कळ ठिकाणीं नाहीं. दवाखाना बहुधा डॉक्टरच्या घरांतच असे. दार उघडणें, निरोप घेणें, रात्रीं टेलिफोन उचलणें हीं सारीं कामें डॉक्टरची पत्नी बिनपगारी करी. आधीं येईल तो आधीं, हाच नियम. १९६६ सालीं डॉक्टरांशीं नवा करार झाला, आणि मदतनिसांच्या पगाराचा मोठा भाग सरकार देऊं लागलें. चार डॉक्टर एकत्र येऊन दवाखाना काढूं लागले. परिचारिका आली, स्वागताला बाई बसली, आणि आधीं वेळ ठरवून येण्याची पद्धत रूढ झाली.

तरीही वेल्सच्या खाणींच्या खोऱ्यांत आणि उत्तरेकडील गिरण्यांच्या शहरांत जाण्यास तिकडील तरुण डॉक्टर फारसे राजी नसत. ती जागा भरून काढली ती मोठ्या प्रमाणांत हिंदुस्थान, पाकिस्तान आणि आसपासच्या देशांतून गेलेल्या डॉक्टरांनीं. त्यांत आपल्या मुंबई-पुण्याकडे शिकलेले मराठी डॉक्टरही होते. वेल्समधील ग्लिनकोरग या खाणींच्या गांवचे डॉक्टर ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनीं १९७१ सालीं एक कटु नियम सांगितला : जेथें औषधोपचाराची गरज अधिक, तेथें चांगला औषधोपचार कमी. हे नुसते लिहिणारे नव्हते. दारीं येईल त्याला तपासावयाचें, एवढ्यावर न थांबतां त्यांनीं आपल्या नोंदींतील प्रौढ माणसांना एकेक करून बोलावलें आणि त्यांचा रक्तदाब मोजला. जो येत नाहीं त्याचेंही नांव आपल्यापाशीं आहे, म्हणून तोही आपली जबाबदारी, असा या नोंदीचा खरा अर्थ त्यांनीं लावला.

आतां औषधाच्या चिठ्ठीची गोष्ट थोडक्यांत सांगतों. आरंभीं औषध फुकट होतें. खर्च वाढला तेव्हां चष्मे आणि कवळ्या यांवर आकार बसविण्याचें ठरलें, आणि १९५१ च्या एप्रिलांत बेव्हन यांनीं त्या निषेधार्थ मंत्रिपद सोडलें. १९५२ च्या जूनपासून चिठ्ठीमागें १ शिलिंग पडूं लागला. १९६५ सालीं तो उठला, १९६८ सालीं अडीच शिलिंगांच्या रूपानें परत आला. पुढें वेल्सनें २००७ सालीं, उत्तर आयर्लंडनें २०१० सालीं व स्कॉटलंडनें २०११ सालीं हा आकार अजिबात काढून टाकला. इंग्लंडांत तो राहिला. २०२४ सालीं दर औषधामागें ९ पौंड ९० पेन्स होता. मुलें, साठीपलीकडील वृद्ध आणि गरीब यांस मात्र माफी आहे. चिठ्ठीचा हिरवा कागदही आतां मागें पडत चालला असून, २००५ पासून ती चिठ्ठी तारायंत्राच्या वेगानें परस्पर औषधवाल्याकडे जाऊं लागली आहे.

पाकिटाचेंही तसेंच झालें. त्यांत डॉक्टर आपल्याविषयीं काय लिहितो, हें पाहण्याचा हक्क रोग्याला १९९१ सालीं कायद्यानें मिळाला. आणि २०२३ च्या अखेरीपासून इंग्लंडांत नवीं टिपणें रोग्याला आपल्या हातांतील टेलिफोनवर वाचतां यावीं, अशी व्यवस्था दवाखान्यांवर बंधनकारक झाली. वेळ मागणें, नेहमींची औषधें मागविणें हेंही त्याच यंत्रावर होतें. ज्याला तें यंत्र वापरतां येत नाहीं, त्या वृद्धानें काय करावें, हा नवा प्रश्न त्यांतून निघाला आहे.

परंतु याहून मोठा बदल फारसा गाजावाजा न होतां झाला. २००४ च्या करारानें रोग्याचें नांव एका डॉक्टरकडे न राहतां दवाखान्याकडे नोंदलें जाऊं लागलें. रात्रींची जबाबदारी सोडण्याची मुभाही डॉक्टरांना त्याच वेळीं मिळाली. दवाखाने मोठे झाले, डॉक्टर अपुरे पडूं लागले, आणि सकाळीं ठीक आठाच्या ठोक्याला वेळ मागण्यासाठीं हजारों घरांतून एकदमच टेलिफोन खणखणूं लागले. २०२० च्या साथींत तर आधीं टेलिफोनवर बोलणें हीच रीत झाली. आज तेथें डॉक्टर भेटतो. पण मागील वेळीं भेटला तोच भेटेल, असा भरवसा उरलेला नाहीं.

यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. डॉक्टर सारखेच शिकलेले. हा काय आणि तो काय! आम्हां शिक्षकांना याचें उत्तर ठाऊक आहे. हजेरीपटावर मुलाचें नांव असणें निराळें आणि मास्तरांनीं त्याला ओळखणें निराळें. आज हा मुलगा नेहमींपेक्षां गप्प आहे, हें ओळखणाऱ्यालाच कळतें. डॉक्टरांच्या बाबतींत तर याचें मोजमापही झालें आहे. २०१८ सालीं नऊ देशांतील २२ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांपैकीं १८ अभ्यासांत असें आढळलें कीं जे रोगी त्याच त्या डॉक्टरकडे जातात, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण कमी असतें. नॉर्वे देशांतील २०२२ च्या पाहणींत, पंधरा वर्षांहून अधिक काळ एकाच डॉक्टरशीं संबंध असलेल्यांना अचानक रुग्णालयांत भरती होण्याचा प्रसंग नव्या संबंधाच्या रोग्यांपेक्षां चतुर्थांशाहूनही अधिक कमी आल्याचें दिसलें. ओळख ही केवळ भावनेची गोष्ट नव्हे. ती औषधासारखी गुणकारी आहे.

म्हणून या इतिहासाचे मला दोन टप्पे दिसतात. पहिला टप्पा, प्रत्येकाचें नांव नोंदलें जाणें. त्यासाठीं १९११ पासून १९४८ पर्यंत सदतीस वर्षें गेलीं, आणि तेवढ्या काळांत किती आयांनीं आपलीं दुखणीं पदराआड लपविलीं, याची गणती कोणी केली नाहीं. दुसरा टप्पा, त्या नांवामागचा माणूस कोणीतरी ओळखणें. इंग्लंडनें पहिला गांठला. दुसरा गांठलेला आतां त्याच्या हातून निसटूं पाहत आहे. आपल्याकडे स्थिति नेमकी उलटी दिसते. आपल्या गल्लींतील डॉक्टर कुटुंबांतल्या तीन पिढ्या नांवानिशीं ओळखतो; पण त्याच्या दाराशीं गेल्यावर खिसा चांचपावाच लागतो, आणि मोलकरीण, हमाल, फेरीवाला यांचें नांव कोणाच्या नोंदींत आहे, हें सांगणें कठीण. नाशकांत जन्मलेल्या भोरसाहेबांनीं १९४६ सालीं जें तत्त्व लिहून ठेवलें, त्यांतील शिल्लक काम तें हेंच. तें करतांना आपल्याकडे जी ओळख अजून जिवंत आहे, ती मात्र आपण सांभाळली पाहिजे. कारण यादी सरकारला हुकमानें करतां येते, ओळख तशी करतां येत नाहीं.